लाल दिव्याचा महिना

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

डिसेंबरअखेर आयटीआयतून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, डायरी मात्र कोरीच राहिली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. परवा घडलं.

सात तारखेला रमाई जयंती. जालन्यात आमच्या शहागडच्या महिला मंडळाला गाण्यासाठी बोलावणं होतं. मंडळ म्हणजे माझी पत्नी बेबीनंदा, ढोलकीवाली सत्यशीला आणि आणखी दोघी. बेबीनंदा गाते आणि गाणी स्वतः रचतेही. यंदाचं गाणं तिने दोन महिने घोटलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, जीप कशाला, माझी इलेक्ट्रिक गाडी आहे ना. गाडी सात वर्षांची, सेकंडहँड, पण माझी लाडकी. आदल्या दिवशी लाइट तीनदा गेली आणि गाडी अर्धीही भरली नाही. मी म्हटलं, पुरेल. जाताना अंकुशनगरच्या फाट्याजवळच पुरली नाही; जालना राहिलं, गाणंही राहिलं. कारखान्यावर ऊस टाकून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरने आम्हाला दोर बांधून शहागडपर्यंत ओढत आणलं. गाडीत चार बायका, एक ढोलकी, एक पेटी आणि मी. रस्त्यावरची पोरं हात हलवत होती.

घरी आल्यावर बेबीनंदा एवढंच म्हणाली, "या गाडीत मी आता बसनार न्हाई." भांडली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोष गाडीचा नाही, तिच्या पोटातल्या चार्जरचा आहे. भिंतीतून येते ती एसी वीज, बॅटरीला लागते डीसी. हा बदल करणारा डबा गाडीतच बसवलेला असतो. माझ्या गाडीतला डबा तासाला जेमतेम तीन युनिट घेतो. म्हणजे पूर्ण भरायला नऊ-दहा तास, आणि आमच्याकडे सलग दहा तास लाइट राहिली तर लोक एकमेकांना फोन करून विचारतात, काय झालं म्हणून.

बेबीनंदाला हे कागदावर आकृती काढून समजावलं. ती म्हणाली, "बरं." हल्ली ती फार वेळा बरं म्हणते.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुन्या जालन्यात कल्याणकडे जाऊन आलो. कल्याण माझा विद्यार्थी, वायरमन ट्रेड, दोन हजार अकराची बॅच. धान्याच्या आडतीमागे त्याचं गॅरेज आहे. आधी रिक्षा दुरुस्त करायचा, आता बॅटरीवरच्या गाड्यांत हात घातलाय. मी त्याला अर्थिंगच्या, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेच्या, प्रॅक्टिकलला नापास केलं होतं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी न घालताच मोजमाप घ्यायला बसला होता पठ्ठ्या. शिक्षा म्हणून दोन महिने रोज वर्कशॉपच्या खड्ड्याला बादलीने पाणी घालायला लावलं. आज भेटल्याबरोबर त्याने तेच आठवलं आणि हसला. मी हसलो नाही. धडा तो धडा.

त्याने बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "सर, याच कंपनीच्या नव्या गाडीत मोठा चार्जर येतो, तासाला सात युनिट घेनारा. संभाजीनगरात एक ॲक्सिडेंटची गाडी भंगारात आल्ती, तिच्यातला काढून ठेवलाय म्या. तारा जाड टाकाव्या लागतील. गाडीच्या कंप्युटरला नव्या डब्याची वळख करून द्यावी लागंल."

"याआधी बसवलायस का कधी?"

"न्हाई सर. तुमची पयलीच."

खरं सांगायचं तर नाही म्हणणार होतो. पण तेरा एप्रिलला जालन्यात आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी मोठा कार्यक्रम आहे आणि मंडळाला पुन्हा बोलावलंय. त्या दिवशी बेबीनंदा माझ्या गाडीतून गेली पाहिजे. तासाला सात युनिट म्हणजे घरी तीन-चार तासांत गाडी फुल्ल, आणि त्या गातील तेवढ्या वेळात कल्याणच्या गॅरेजवर परतीपुरती भरून तयार. हो म्हणालो.

२ मार्च, रविवार

गाडी मिळाली. कल्याणने तीन दिवस खपून काम केलं. तार कुठेही लोंबकळत नाही, प्रत्येक टोकाला नंबर लावलाय. माझ्याकडून शिकलेला दिसतो, पण त्याला तसं बोललो नाही, उगाच डोक्यात हवा जायची.

३ मार्च, सोमवार

घरचा विजेचा भार गेल्याच आठवड्यात वाढवून घेतला होता. आज पोर्चमध्ये जाड तार ओढून भिंतीवरचा चार्जिंगचा डबा बसवला. या वयात शिडीवर चढून भिंतीला भोक पाडण्यात जो आनंद आहे तो शालीत नाही.

एक सुधारणाही केली. पोर्चच्या कोपऱ्यात, डब्यापासून चार हातांवर, आमचा धुण्याचा दगड होता. घर बांधल्यापासून बावीस वर्षं तिथेच. रोज तिथे आपटधोपट, पाणीच पाणी. इतक्या नाजूक उपकरणाशेजारी हे चालणार नाही. शेजारच्या आबारावांना हाताशी धरून दगड मागच्या अंगणात हलवला आणि पोर्चचा कोपरा कोरडा खडखडीत केला.

बेबीनंदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "नक्की हलवायचा? हितलं पानी बंद झालं तर चालंल?"

"चालेल म्हणजे काय, चाललंच पाहिजे. विजेचं मी बघतो."

तिने एकदा दगडाच्या जागेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "बरं."

५ मार्च, बुधवार

तासाला सात युनिट! दुपारी बाराला लावली, साडेतीनला शंभर टक्के. डब्यावरचा हिरवा दिवा बघत खुर्ची टाकून बसलो होतो. आबाराव म्हणाले, "सर, गाय दूध देऊन राह्यली काय, एवढं काय बघता?" आबारावांना मेंढरं आणि गाईंपलीकडे उपमा सुचत नाहीत.

८ मार्च, शनिवार

लाल दिवा. तीनदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तीनदा. चार्जिंग शून्य. पुस्तिकेत पाहिलं. तीनदा लाल म्हणजे घराच्या पुरवठ्यात दोष: एकतर व्होल्टेज, नाहीतर अर्थिंग. अर्थिंगचा प्रश्नच नाही. ते मी बावीस वर्षांपूर्वी माझ्या हातांनी केलंय, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, सगळं शास्त्रशुद्ध. मग उरलं व्होल्टेज. मोजलं तर दोनशे बत्तीस, झकास. म्हणजे पुस्तिकाच चुकीची असली पाहिजे. किंवा कल्याणचा भंगारातला डबा पुरवठ्याला नावं ठेवतोय.

११ मार्च, मंगळवार

कल्याण जालन्याहून मोटारसायकलवर आला. रस्त्याचं काम चाललंय, त्यामुळे पोरगा धुळीने पांढरा झालेला. बेबीनंदाने नेहमीप्रमाणे पाहुण्याला दारातच पोर्चच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी दिलं. त्याने हातपाय, तोंड, डोकं, सगळं यथेच्छ धुतलं. मग चहा, मग पोहे. मग डब्याजवळ गेला, गाडी लावली आणि हिरवा दिवा.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काहीच न्हाई सर. नुसती लावली."

लाजलो. त्याला इतक्या लांबून बोलावलं आणि दुखणं वैद्याच्या दारात बरं झालं.

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा लाल. कल्याण गेला आणि दिवा लाल. मी वहीत दर तासाचं व्होल्टेज लिहायला सुरुवात केलीय.

१६ मार्च, रविवार

आज आपोआप हिरवा! गाडी फुल्ल भरून घेतली. बेबीनंदाने आज सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या. मागच्या अंगणात जागा पुरेना म्हणून पोर्चमध्येच पसरून तुडवल्या. मी आरडाओरडा केला, डब्यावर शिंतोडे उडतील म्हणून. एकही उडाला नाही, ते सोडा.

मुद्दा असा की आज रविवार. रविवारी दुकानं, वर्कशॉपं बंद, लाइनवर ताण कमी. माझा निष्कर्ष: नवा चार्जर रविवारी चालतो. हसू येतंय, पण शास्त्रात असं असतं, आधी निरीक्षण, मग कारण.

२३ मार्च, रविवार

आठवडाभर लाल. आज रविवार असल्याने मी निर्धास्त होतो, तरी कल्याणला बोलावून घेतलं. आला, बादलीभर पाण्याने धुळीतून माणसात आला, चहा प्यायला, आणि दिवा हिरवा. पण मी आत गेलो तेवढ्यात पठ्ठ्याने पिशवीतून मशीन काढून माझं अर्थिंग मोजलं.

"बराबर हाय सर," म्हणाला. "एकदम बढिया रीडिंग हाय."

अंगाचा तिळपापड झाला. ज्याला मी अर्थिंगमध्ये नापास केलं तो माझं अर्थिंग तपासतो. म्हणालो, "माझ्या अर्थिंगला हात लावायचा नाही. तुझ्या भंगाराकडे बघ." त्याचं तोंड उतरलं. चहाचा दुसरा कप न घेताच निघाला. बेबीनंदा मला म्हणाली, "लेकरू साठ किलोमीटर आलं व्हतं." रात्री जेवण गेलं नाही, हे मात्र इथे लिहून ठेवतो.

एक शंका मनात येते, लिहू की नको. तो आला की चालतो, गेला की बंद. मुद्दाम काही करून जात नसेल ना? असा विचार करताना स्वतःचीच लाज वाटते, पण येतो खरा.

३० मार्च, रविवार

सकाळपासून मंडळाची तालीम आमच्याकडे. तिघी शेतातून थेट आल्या, पोर्चमध्ये पाय धुतले, चहाचे पेलेही तिथेच विसळले, आणि गायला बसल्या. दुपारी दिवा हिरवा. रविवारचा सिद्धांत पक्का. तेरा एप्रिलही रविवारच आहे!

गाणं ऐकलं. बेबीनंदाने रमाईंवर रचलेलं, फेब्रुवारीत गायचं राहून गेलेलं. त्यात एक ओळ आहे, गोवऱ्या थापता थापता माय घराला आधार देत होती, अशा अर्थाची. खिडकीबाहेर उभं राहून ऐकताना डोळे भरून आले. तिला दिसलं नाही.

६ एप्रिल, रविवार

लाल. रविवार असून लाल. सिद्धांत मेला.

सत्यशीलाने तेराची जीप ठरवली. बेबीनंदा मला न सांगता हो म्हणाली आणि संध्याकाळी मला सांगितलं. मी म्हटलं, गाडी तयार असेल. ती म्हणाली, "तेराच्या सकाळी सातला बघू. गाडी भरलेली असंल तर गाडी, न्हाईतर जीप." म्हणजे दार अजून बंद केलेलं नाही. माझ्या गाडीवर विश्वास नाही, पण माझ्यावर थोडासा शिल्लक आहे असं मी धरून चालतो.

१० एप्रिल, गुरुवार

बेचाळीस अंश. लाल. गाडीत एकेचाळीस टक्के. एवढ्यात जालना गाठणं म्हणजे पुन्हा ट्रॅक्टर. वहीत व्होल्टेजची एकशे नव्वद मापं झालीत आणि त्यांतलं एकही वाईट नाही. हात टेकले.

आमच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, तीनशे जण. कल्याणला निम्मी कामं तिथूनच मिळतात. त्यावर टाकायला मजकूर लिहायला घेतलाय. इतरांनी सावध राहावं एवढाच हेतू आहे. हेतू तेवढाच आहे ना, हे दोनदा स्वतःला विचारलं. उत्तर नीट आलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आजचं सविस्तर लिहितो, कारण हे विसरणं मला परवडणार नाही.

दुपारी मजकूर पूर्ण झाला. सवयीप्रमाणे बेबीनंदाला वाचून दाखवला. ती पोर्चमध्ये गहू निवडत होती. "कल्याण यांनी बसवलेला चार्जर सदोष असून, मी स्वतः केलेल्या अर्थिंगवर संशय घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली..." इथवर आलो तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"अर्थिंग म्हंजी ती खड्ड्यातली तारच ना? जिला तहान लागती?"

"काय लागते?"

"तहान. घर बांधलं तव्हा तुमीच म्हनले व्हते. धुण्याचा दगड हितंच खड्ड्यापाशी टाक, रोज हितं पानी पडलं पायजे, उन्हाळ्यात जमीन सुकली की तार मुकी व्हती. बावीस वर्सं म्या ध्यान ठेवून हितंच धुनं धुतलं. पावसाळ्यात गरज नसली तरी हितंच. मंग तुमी दगड हलवला. म्या इचारलं बी, चालंल का. तुमी म्हनले विजेचं मी बघतो. मला वाटलं नव्या डब्याला लागत नसंल पानी."

मी वहीकडे बघत राहिलो. त्या एकशे नव्वद मापांत अर्थिंगचं एकही नव्हतं. अकरा मार्चची बादली, सोळाच्या गोधड्या, तेवीसची बादली, तीसचे तीन जणींचे सहा पाय. सगळं माझ्याच अक्षरात या डायरीत लिहिलेलं आहे. कल्याणने मोजलं तेव्हा रीडिंग बढिया का आलं, तर मोजायच्या आधी तो स्वतःच तिथे आंघोळीसारखं पाणी घेऊन बसला होता.

ज्या गोष्टीसाठी पोराला नापास केलं, तीच चूक मी महिनाभर केली. त्याला शिक्षा दोन महिन्यांची होती.

मजकूर पुसून टाकला. एकेक अक्षर करून नाही, एकदम. मग आबारावांना हाक मारली. बेचाळीस अंशांत दोघांनी तो दगड पुन्हा ओढत पुढे आणला. आबाराव वाटेत तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा म्हणाले, "सर, मागच्या महिन्यात तुमीच तिकडं न्यायला लावला व्हता." मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. आठ बादल्या पाणी घातलं. जमीन नुसती पीत होती. बेबीनंदाने माझा घामेजलेला सदरा मागून घेतला आणि त्या दगडावर धुवायला बसली.

अर्ध्या तासाने गाडी लावली. हिरवा.

लाइट मध्ये एकदा गेली, तासाभराने आली. संध्याकाळी सातला शंभर टक्के.

कल्याणला फोन लावला. "तू बसवलेला चार्जर उत्तम आहे. चूक माझी होती. उद्या प्रत्यक्ष सांगतो," एवढंच बोलता आलं. पलीकडे त्याने पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सर, उद्या गाडी माझ्याकडं लावा. चार्जिंगचा पॉइंट रिकामा ठेवतो."

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सातला बेबीनंदा पोर्चमध्ये आली. निळी साडी. गाडीच्या काचेतून टक्के वाचले. मग सत्यशीलाला फोन करून म्हणाली, "जीपवाल्याला न्हाई म्हन." पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. पेटी आणि ढोलकी डिकीत, तिघी मागे. इतका साधा प्रसंग, पण मी घाईत गाडी जरा जोरातच बाहेर काढली, तशी ती म्हणाली, "सावकाश. येळ हाय आपल्याकडं."

त्यांना मंडपात सोडून गॅरेजला गेलो. कल्याणने गाडी लावून घेतली. मी सगळं सांगितलं, दगडापासून व्हॉट्सॲपच्या मजकुरापर्यंत. मजकुराचं सांगायला नको होतं असं क्षणभर वाटलं, पण अर्धं सांगून काय उपयोग. त्याने ऐकून घेतलं. मान खाली होती. मला वाटलं, रागावला. मग कळलं, हसू दाबत होता.

गॅरेजच्या कोपऱ्यात त्याचा अर्थिंगचा खड्डा आहे, वर विटांचा चौकोन, त्यात ओली माती. तेरा-चौदा वर्षं झाली तरी रोज सकाळी न चुकता एक बादली घालतो म्हणे. आज घातलेली नव्हती. भरलेली बादली शेजारीच होती.

"आजची तुमच्यासाठी ठेवली, सर," म्हणाला.

उचलली आणि घातली. त्याने वर बघून विचारलं, "पास?" मी म्हणालो, "मला विचारतोस की सांगतोस?" मग मात्र दोघंही हसलो.

मंडपात पोचलो तेव्हा बेबीनंदाचं गाणं सुरू होतं. मागच्या रांगेत उभा राहिलो. कल्याणही आला होता. गोवऱ्यांच्या ओळीला सगळा मंडप शांत झाला. या वेळी डोळे पुसताना इकडेतिकडे पाहिलं नाही.

चारला निघालो. गाडी भरलेली, मागे तिघी टाळ्यांवरून एकमेकींना चिडवताहेत. अंबड गेलं. अंकुशनगरचा फाटा जवळ आला तसा मी वेग थोडा वाढवला, ती जागा लवकर मागे पडावी म्हणून.

"थांबवा," बेबीनंदा म्हणाली.

माझी नजर आधी टक्क्यांवर गेली. "काय झालं?"

"काही न्हाई. मागल्या बारीला गाडी हितं आपल्या मनानं थांबली व्हती. आज आपन थांबवू."

कडेला घेतली. चौघी उतरल्या. सत्यशीलाने ढोलकी काढली, आणि सात फेब्रुवारीला जिथे दोर बांधला गेला होता तिथेच उभं राहून त्यांनी रमाईचं गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. एक ट्रकवाला थांबून ऐकत राहिला. गाणं संपल्यावर बेबीनंदा पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

घरी पोचलो तेव्हा गाडीत बेचाळीस टक्के शिल्लक होतं. मी बादली भरून कोपऱ्यात गेलो, तर जमीन आधीच ओली होती. सकाळी निघण्यापूर्वी तिने पाणी घालून ठेवलं होतं.